मदत हवी आहे: तिंट्यावरची बंद दुकानं पुन्हा कशी उघडतील?

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या बार्देशातून लिहितोय. खाडीच्या तोंडाशी आमचा गाव, शहर म्हणायला लहान आणि गाव म्हणायला मोठा. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे भाऊबंदकी येणार आहे आणि त्यातले निम्मे लोक इथे वाचायला असतात.

बाजाराच्या चौकाला आमच्याकडे तिंटो म्हणतात. धक्क्यापासून तिंट्यापर्यंत एकच गल्ली. दोन्ही बाजूंना चिऱ्यांची, मंगळुरी कौलांची दुकानं, वर राहायची जागा. पूर्वी होडीतून उतरलेल्या माणसाला गल्लीतून गेल्याशिवाय घर गाठता येत नसे. मग पूल झाला, नंतर बायपास झाला, आणि गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर जाऊ लागलं. १९८६ च्या जुलैत पणजीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हा बेतीच्या धक्क्यावर पुन्हा झुंबड उडाली. आमचे बाबा ते बघून आले आणि देवाला हात जोडून म्हणाले, "आमचाही एक पाड रे!" आई आठवडाभर बोलली नाही त्यांच्याशी.

काल मोजली: दुकानं ३४, उघडी १३. त्यात एक भुसारी, एक शिंपी, एक तावेर्न (दारूचा गुत्ता) आणि एक मी. आजोबांचा कापडाचा पसरो (दुकान) होता, मी तिथे वह्या-पेनं विकतो, झेरॉक्स काढतो.

आता हे सगळं लिहायचं कारण. बाहेरच्या एका पार्टीने लागून असलेली तीन दुकानं मागितली आहेत, कॅफेसाठी. त्यामुळे पोरांना जोर आलाय. म्हणतात, अख्खी गल्ली पणजीच्या फोंतेनाश या जुन्या रंगीत वस्तीसारखी रंगवून काढू, लोक फोटो काढायला येतील. येतील हो. पण फोंतेनाशच्या लोकांनी दारावर 'फोटो काढू नका' अशा पाट्या का लावल्या, तेही बघा की. शिवाय रंग टिकणार कशावर? मी २०१५ साली भिंतीचा जुना चुना खरवडून सिमेंटचं प्लास्टर केलं. तिसऱ्या पावसात आतून पांढरं मीठ फुटलं. आता दर वर्षी दिवाळीला रंग देतो आणि गणेश चवथीपर्यंत पोपडे झाडतो.

खरी अडचण कागदात आहे. माझ्यापासून दोन दारं सोडून एक सुंदर इमारत आहे, वरच्या खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदानं. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमचा सात-बारा) नाव कधीच्याच वारलेल्या आजीचं. वारस सतरा, एक इंग्लंडात स्विंडनला, दोन लिस्बनला, चार गिरगावात, बाकीचे इथेच पण एकमेकांशी बोलत नाहीत. खाली जुना भाडेकरू, महिना ४० रुपये. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे त्याला उठवता येत नाही, आणि त्याला उठवावं असं मला वाटतही नाही. पण ४० रुपयांत मालक कौलं बदलत नाही, आणि घर आपलं नाही म्हणून भाडेकरूही बदलत नाही. पाऊस मात्र दोघांच्याही डोक्यावर पडतो. अशी निदान सहा दुकानं आहेत.

पुढच्या महिन्यात दुकानदारांची बैठक ठेवली आहे. सुरुवात कुठून करू? वारसांच्या मागे लागू, दुरुस्तीला पैसे जमवू, की आधी गिऱ्हाईक आणू? कुणी आपल्या गावात असं काही केलं असेल तर सांगा. चुकलं असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद

म्हापशाला वकिली करतो, म्हणून कागदापुरतं बोलतो. 'उत्तराधिकाराचा दस्त' आणि 'इन्व्हेंतार' यांत गल्लत करू नका. विशेष नोटरीकडे दस्त केला की वारस कोण एवढं ठरतं, वाटणी होत नाही. वाटणी इन्व्हेंतारात होते, आणि त्यात बोलीही लागू शकते. म्हणजे ज्याच्याकडे पैसा, त्याच्याकडे घर. सतरा वारसांना एकदम तिकडे नेलंत तर तुमची कॅफेवाली पार्टी एखाद्या वारसाच्या मागे उभी राहून सगळं उचलेल. आत्ता फक्त दस्त करा आणि दुकान ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर द्यायला सगळ्यांच्या सह्या घ्या. मालकी कुणाचीच हलत नाही, म्हणून भांडणारे लोकही अशा कागदावर सही करतात. विवाहावेळी वेगळा करार नसेल तर आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते, तेव्हा जावई-सुनांना विसरू नका. परदेशातलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवा आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा. त्यात माझ्या दोन अशिलांचं वर्ष फुकट गेलं आहे.

प्रतिसाद

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, सध्या पुण्यात. तुमचं मीठ रंगाने थांबणार नाही. चिरा पाणी पितो आणि चुन्यातून ते बाहेर सोडतो. सिमेंटने तुम्ही त्याचं नाक दाबलंत. ते प्लास्टर काढा, भिंतीला एक उन्हाळा सुकू द्या, मग चुन्याचा गिलावा. क्रम एवढाच: कौलं आणि वासे, मग पन्हळ, मग भिंत, रंग सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एक फुटकं कौल दोन पावसांत वासा खातं.

पैशाबद्दल पुदुच्चेरी बघा. तिथल्या तमिळ भागातल्या वैसियाळ स्ट्रीटवर इनटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने युरोपीय संघाच्या मदतीने घरांचे दर्शनी भाग दुरुस्त केले, पण खर्चातला वाटा घरमालकांनाही उचलायला लावला. फुकट मिळालेल्या रंगाची कुणी काळजी घेत नाही. आणि धक्क्याजवळची दुकानं सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात येत असतील तर अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती जमते, पण जोतं किंवा चटईक्षेत्र वाढवायचं नाही. आधीचे फोटो आणि मापं काढून ठेवा.

प्रतिसाद

कॅफेला एवढी नाकं कशाला मुरडता? माझ्या मावशीने आपलं बंद दुकान कॅफेला दिलं. आता भाड्यावर तिची औषधं निघतात. तुम्हाला गल्ली हवी आहे की गल्लीचं म्युझियम?

प्रतिसाद

वरच्यांना: एक कॅफे चालेल, अकरा नाही चालणार. मी काही वर्षं मलेशियात पेनांगला होतो. तिथे जुना भाडे नियंत्रण कायदा २००० साली उठला, भाडी एकदम चढली आणि जॉर्जटाउनच्या दुकानघरांतले शिंपी, सोनार, सुतार रस्त्यावर आले. २००८ मध्ये युनेस्कोचा शिक्का मिळाला तोवर कित्येक घरं रिकामीच झाली होती. ४० रुपयांचा तुमचा भाडेकरू जागेवर राहील असं काहीतरी करा. भाडं थोडं वाढवू दे, बदल्यात मालक छप्पर घालू दे, दोघांच्या सहीने.

प्रतिसाद

मी वास्कोची. सगळे इमारतीच बघताहेत, मी विचारते, उघडी १३ दुकानं दुपारी किती वाजता बंद होतात? एक ते चार ना? आणि रात्री आठला कुलूप. नोकरदार बाई संध्याकाळी पणजीहून येते तेव्हा तिला तुमच्याकडे काय मिळतं? आधी बैठकीत सगळ्यांची एकच वेळ ठरवा, याला दमडी लागत नाही.

आमच्याकडे दामोदर सप्ताहात बाजार कसा होतो ते बघितलंय ना? ते कुणी बाहेरून आणलेलं नाही, व्यापारी समाजांचे पार (मिरवणुका) निघतात म्हणून ते टिकलं. तुमच्याकडे मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी कुठे होते? सुकी मासळी, मिरची, सोलां, चिंच? आणि चवथीला माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचा बाजार? ही गिऱ्हाइकं आधी गल्लीत आणा. पर्यटक आले तर आले.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. वास्कोच्या ताई, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आज चौकशी केली. माटोळीवाल्या बायका गेली कित्येक वर्षं बायपासच्या कडेला उन्हात बसतात. का, तर आमच्याच दुकानदारांनी "दारात बसू नका" म्हणून त्यांना उठवलं होतं. उठवणाऱ्यांत बाबा पण होते, असं शिंप्याने हसत हसत सांगितलं.

तर बैठकीत दोनच विषय ठेवतो. चवथीच्या आधीचे आठ दिवस बंद दुकानांच्या सोप्यांवर त्या बायकांना जागा द्यायची, भाडं न घेता. आणि शिंपल्यांच्या खिडक्यांच्या त्या घराचं छप्पर जूनपूर्वी करायचं. भाडेकरू महिना ५०० द्यायला तयार आहे, वासे मालकांचे, कौलं आम्ही दुकानदार वर्गणीतून घालू. स्विंडनवाल्याला रात्री फोन केला, तो हो म्हणाला. गिरगाव अजून बाकी आहे. कॅफेवाल्यांना तीनऐवजी एक दुकान विचारून बघणार आहे, घेतील असं वाटत नाही.

आता एकच मदत: चुन्यात काम करणारा गवंडी कुणाच्या माहितीत आहे का? इथले सगळे सिमेंटवरच येतात. पेडणे, दोडामार्ग, बांदा, कुठलाही चालेल, राहायची सोय माझ्या माडीवर करतो. व्यक्तिगत निरोप करा.