मदत हवी आहे: तिन्हीसांजेच्या विजा, लाइटनमध्ये जोडल्यावर ढगांना पायऱ्या पडतात

वळवाच्या ढगांतल्या विजा गॅलरीतून टिपायच्या आहेत, पुण्यात, सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासात. आकाशात अजून निळा उजेड असतो आणि ढगाचा आकार दिसतो, म्हणून हीच वेळ हवी आहे.

क्रॉप सेन्सर, १८ मिमी, एफ/८, आयएसओ १००, फोकस मॅन्युअलवर अनंताला, ट्रायपॉड. अंधारात १५ सेकंद छान जमतात. या उजेडात मात्र आकाश पांढरं पडतं. एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच) सुचवू नका: विजेची चमक शटरवर नाही, अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर ठरते, त्यामुळे ३ स्टॉपच्या एनडीने वीजही आठपट मंद होते आणि तिच्या बारीक फांद्या गायबच होतात.

म्हणून २-२ सेकंदांच्या फ्रेमा सलग घेऊन लाइटन ब्लेंडने (प्रत्येक जागी सगळ्यात उजळ पिक्सेल ठेवणारी पद्धत) जोडतो. लॉन्ग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ काळी फ्रेम घेतो आणि दोन फ्रेमांत खंड पडतो. अडचण इथेच आहे: ढग सरकतात, उजळ कडा प्रत्येक फ्रेममध्ये थोडी पुढे जाते आणि जोडल्यावर पायऱ्या दिसतात.

ढगांसाठी सगळ्या फ्रेमांची सरासरी आणि वरून फक्त विजेच्या फ्रेमा लाइटनने, असं कुणी करतं का? विजेने आतून उजळलेला ढग तेव्हा मास्कमध्ये (फ्रेमचा कोणता भाग दिसू द्यायचा ते ठरवणारा थर) कुठवर धरता? कडा कापल्यासारखी दिसू नये, एवढंच हवं आहे. मास्कचा फेदर (कडेचा मऊपणा) किती पिक्सेल ठेवता तेही सांगा.

गडगडाट ऐकू आला की मी आत येतो, कॅमेरा इंटरव्हलोमीटरवर (ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारं साधन) चालू राहतो. त्यामुळे बाहेर उभं राहून करायचे उपाय चालणार नाहीत.