अब्राहामाला मिळालेले देशाचे वचन ख्रिस्ती वाचकाने कसे समजून घ्यावे?

वचनवाचक, जालना

सर्वांना सप्रेम सलाम.

आमच्या मंडळीच्या बायबल अभ्यासात सध्या उत्पत्तीचे पुस्तक चालू आहे आणि बाराव्या अध्यायानंतर एकच प्रश्न वरचेवर निघतो आहे. परमेश्वराने अब्राहामाला व त्याच्या संततीला कनान देश देण्याचे जे वचन दिले, त्याचा आज आपण काय अर्थ घ्यावा? वडीलमंडळातले एक ज्येष्ठ सभासद ठामपणे सांगतात की १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले ती या वचनाचीच पूर्तता आहे आणि म्हणून त्या राष्ट्राच्या कोणत्याही धोरणाबद्दल शंका घेणे म्हणजे देवाच्या शब्दावरच शंका घेणे होय. संभाजीनगरला शिकणारा आमच्यातलाच एक तरुण नेमके उलट म्हणतो: ख्रिस्त आल्यावर सगळी वचने मंडळीकडे आली, यहुद्यांचा त्यांत आता काही वाटा उरलेला नाही. दोघांनाही वचने तोंडपाठ आहेत, दोघेही मनापासून बोलतात आणि अभ्यास तिथेच अडतो.

मला दोन्ही टोके पटत नाहीत, पण अभ्यास चालवणाऱ्याला एवढ्यावर भागवता येत नाही. शास्त्राचा आधार द्यावा लागतो. उत्पत्ती १७:८ मध्ये हा देश कायमचे वतन म्हणून देण्याचे वचन आहे, तर अनुवाद या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात आज्ञा मोडल्यास त्याच देशातून उपटून टाकण्याची ताकीद आहे. ही दोन्ही एकत्र कशी वाचावीत? आणि नव्या करारात या देशाविषयी इतके कमी का आढळते? लवकरच आम्ही उत्पत्तीच्या २८व्या अध्यायावर येऊ, जिथे याकोबाला बेथेल येथे तेच वचन पुन्हा मिळते. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या, जालन्याजवळच्या बेथेलला याच ठिकाणाचे नाव आहे, त्यामुळे त्या दिवशी जुन्या घराण्यांतली मंडळी आवर्जून येतील. त्यांच्यासमोर मला वरवरचे उत्तर द्यायचे नाही.


निवृत्त पाळक, अंबाजोगाई

भाऊ, सलाम. मी सुरुवात उत्पत्तीच्या २३व्या अध्यायापासून करीन, कारण देशाच्या वचनावर वाद घालताना तो अध्याय सहसा कोणी उघडत नाही. सारा हेब्रोनात मरण पावते. सगळा देश तुझ्या संततीला देईन, असे ज्याला पुन्हा पुन्हा सांगितले गेले, त्या अब्राहामाकडे पत्नीला मूठमाती देण्यापुरतीही स्वतःची जागा नाही. तो तिथल्या हित्ती लोकांपुढे उभा राहून म्हणतो की मी तुमच्यामध्ये परदेशी व उपरा आहे. गावच्या वेशीत, सगळ्यांच्या देखत, शेताचा मालक एफ्रोन आधी शेत तसेच देऊ करतो आणि मग बोलण्याच्या ओघात चारशे शेकेल रुप्याचा आकडा सुचवतो. अब्राहाम घासाघीस करत नाही. व्यापाऱ्यांत चालणारे रुपे तो तोलून देतो आणि मकपेलाचे शेत, त्यातली गुहा व शेताच्या हद्दीतली सगळी झाडे त्याच्या मालकीची होतात. आपल्याकडच्या खरेदीखतात चतुःसीमा आणि बांधावरची झाडे नोंदवतात, तसाच तो मजकूर वाचताना वाटतो. वचन हाती असूनही अब्राहामाने ते हित्तींना ऐकवले नाही. त्याने लवून नमस्कार केला आणि पूर्ण किंमत मोजली. वचन देणाऱ्या देवावरचा विश्वास आणि त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या माणसाशी सचोटी, या दोन गोष्टी त्याच्या लेखी वेगळ्या नव्हत्या.

दुसरी अशीच खरेदी यिर्मयाच्या ३२व्या अध्यायात आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला आहे, यिर्मया राजवाड्याजवळच्या पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत आहे आणि अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत विकायला येतो. यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि खताची मोहोरबंद प्रत व उघडी प्रत अशा दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडून मातीच्या भांड्यात ठेववून घेतो, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील. देश हातचा जाणार, असे यिर्मया स्वतःच वर्षानुवर्षे सांगत आला होता, आणि त्याच देशात पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे विकत घेतले जातील, हेही परमेश्वराने त्याच्याच तोंडून वदवले.

तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर मला इथे दिसते. देणगी देवाने आपल्या जबाबदारीवर दिली. उत्पत्ती १५ मध्ये पशूंच्या तुकड्यांमधून धुमसती भट्टी व जळती मशाल जाते, अब्राहाम मात्र त्यांतून जात नाही; करार पाळण्याचे ओझे देव एकटा उचलतो. परंतु त्या देशात टिकून राहणे हे आज्ञापालनाशी आणि न्यायाशी बांधलेले आहे. लेवीय २५:२३ मध्ये देव प्रत्यक्ष इस्राएललाच सांगतो की देश माझा आहे आणि तुम्ही माझ्याजवळ परदेशी व उपरे आहात. लेवीय १८:२८ याहूनही कडक आहे: आधीच्या राष्ट्रांना जसे या देशाने ओकून टाकले तसे तो तुम्हालाही ओकून टाकील. अहाब इस्राएलचाच राजा होता, तरी नाबोथाचा द्राक्षमळा बळकावल्यावर एलीया संदेष्ट्याने त्याची गय केली नाही. म्हणून वचन खरे आहे, तेव्हा धोरणाविषयी बोलू नका, हे तुमच्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे संदेष्ट्यांच्या पुस्तकांत बसत नाही. संदेष्ट्यांनी वचनावर विश्वास ठेवला म्हणूनच ते बोलले.

नव्या कराराबद्दल थोडक्यात सांगतो. रोम ४:१३ मध्ये पौल अब्राहामाला जगाचा वारस म्हणतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू ३७व्या स्तोत्रातले शब्द घेऊन सौम्य लोकांना पृथ्वीचे वतन देतो. इब्री ११ सांगते की अब्राहाम वचनदत्त देशातही डेऱ्यांत राहिला, कारण तो पाया असलेल्या नगराची वाट पाहत होता. वचन इथे रुंदावत गेले आहे. मात्र रुंदावले म्हणून पहिल्या वारसाला बाहेर काढले, असे पौल म्हणत नाही. रोम ११ मध्ये तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना, म्हणजे आपल्यालाच, बजावतो की तुम्ही रानटी जैतुनाच्या कलम केलेल्या फांद्या आहात, मुळाला तुमचा आधार नाही, मुळाचा तुम्हाला आहे. तुमच्या तरुण मित्राला हा अध्याय पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला द्या.


शिक्षिका, परभणी

पाळकसाहेब, मकपेलाविषयी तुम्ही जे लिहिले ते मनाला भिडले, पण नव्या करारापाशी तुम्ही फार लवकर पुढे गेलात, असे आदराने म्हणते.

वचन रुंदावले, हे मान्य. पण रुंदावताना त्याचा मूळ गाभा विरघळून गेला, असे समजायला आधार हवा. आमोस ९:१५ मध्ये देव म्हणतो की मी त्यांना त्यांच्या भूमीत लावीन आणि ते पुन्हा कधी उपटले जाणार नाहीत. बाबेलच्या बंदिवासातून परत येण्याने हे पूर्ण झाले असे म्हणावे, तर इ. स. ७० साली रोमी सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले. यिर्मया ३१:३५-३७ मध्ये सूर्य, चंद्र व तारे यांचे नियम चालू आहेत तोवर इस्राएलचा वंश राष्ट्र म्हणून राहील, असे शपथेसारखे वचन आहे. प्रेषितांची कृत्ये १:६ मध्ये शिष्य विचारतात की याच वेळी आपण इस्राएलचे राज्य पुन्हा स्थापित करणार काय, तेव्हा प्रभू त्यांची आशा चुकीची आहे असे सांगत नाही. काळ व समय पित्याने स्वतःच्या अधिकारात ठेवले आहेत, एवढेच सांगतो. लूक २१:२४ मध्येही यरुशलेम परराष्ट्रीयांकडून तुडवले जाण्याला ‘परराष्ट्रीयांचे काळ पूर्ण होईपर्यंत’ अशी मर्यादा घातलेली आहे.

अनेकदा असे सांगितले जाते की ही सगळी शिकवण डार्बी या धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकात काढली आणि १९०९च्या स्कोफिल्ड बायबलच्या टीपांनी ती पसरवली. देवाचे कार्य वेगवेगळ्या युगांत विभागण्याची ती पद्धतशीर मांडणी त्यांची आहे, हे खरे. परंतु यहुदी लोक आपल्या देशात परततील ही अपेक्षा सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधील प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट सुधारणावादी) लेखकांतही आढळते. ज्या स्कॉटिश परंपरेतून शेषाद्रींचे शिक्षक आले, त्याच स्कॉटलंडच्या मंडळीने १८३९ साली यहुद्यांची स्थिती पाहण्यासाठी बोनर, मॅकचेन, कीथ आणि ब्लॅक या चौघांना पॅलेस्टाइनकडे पाठवले होते. जालन्याच्या जुन्या घराण्यांना हे जरूर सांगा.

या आशेमुळे आजच्या कोणत्याही सरकारला मोकळीक मिळते, असे मात्र मी मानत नाही. परत येण्याचे सर्वांत विस्तृत चित्र यहेज्केलाने रेखाटले आहे, आणि तोच ४७:२२-२३ मध्ये सांगतो की तुमच्यात राहणाऱ्या उपऱ्यांना ज्या वंशात ते राहतात त्याच वंशात वतन द्यावे. ही दोन वचने गाळून यहेज्केल सांगणारे पुष्कळ आहेत, आणि मला त्याचे फार वाईट वाटते.


कॅथोलिक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आमच्या परंपरेतला प्रवास इथे नोंदवण्याजोगा आहे. संत ऑगस्टिन यांच्या काळापासून शतकानुशतके असे शिकवले गेले की यहुदी विखुरले गेले ते आपल्या धर्मग्रंथांचे साक्षी म्हणून, आणि देशाच्या वचनांचा अर्थ आत्मिकच घ्यायचा. त्या शिकवणीतून यहुद्यांविषयी जो तिरस्कार पोसला गेला, त्याची किंमत युरोपातल्या यहुद्यांनी मोजली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा मंजूर केला आणि रोम ११चाच आधार घेऊन सांगितले की यहुदी देवाला आजही अत्यंत प्रिय आहेत व त्यांना देवाने टाकले असे मांडू नये. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८० साली माइन्झ येथे, देवाने कधीही रद्द न केलेल्या कराराचा उल्लेख केला.

देशाच्या प्रश्नावर मात्र व्हॅटिकनने फार जपून पाऊल टाकले. १९८५च्या मार्गदर्शक टिपणात म्हटले आहे की यहुद्यांचा त्या भूमीशी असलेला धार्मिक जिव्हाळा ख्रिस्ती लोकांनी समजून घ्यावा, पण त्याचा कोणताही विशिष्ट धार्मिक अर्थ आपला म्हणून स्वीकारू नये. इस्राएल राष्ट्राच्या अस्तित्वाचा व राजकीय निर्णयांचा विचार आंतरराष्ट्रीय कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वांनुसार करावा. ३० डिसेंबर १९९३ रोजी व्हॅटिकन व इस्राएल यांच्यात मूलभूत करार झाला तो याच भूमिकेवरून. मला ही भूमिका सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ती वचनाला हातही लावत नाही आणि त्याच्या नावाने सीमारेषाही आखत नाही.

आणखी एक गोष्ट. या चर्चेत बेथलेहेम, रामल्ला आणि नासरेथ येथल्या अरब ख्रिस्ती बांधवांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. २००६ साली यरुशलेमेचे लॅटिन पॅट्रिआर्क, म्हणजे तिथले कॅथोलिक धर्मप्रमुख, मिशेल सब्बाह आणि तिथल्या सिरियन ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन व लूथरन प्रमुखांनी ख्रिस्ती झायोनिझमची, म्हणजे बायबलच्या वचनांच्या आधारे आजच्या इस्राएल राष्ट्राला पाठिंबा देण्याची, शिकवण नाकारणारे संयुक्त निवेदन काढले होते. त्याच्याशी कोणी सहमत व्हावे किंवा न व्हावे. पण उपासनेत ज्यांना आपण एकाच शरीराचे अवयव म्हणतो, त्यांना न विचारता त्यांच्या घरादारांविषयी निकाल देणे योग्य नव्हे.


वाचक, नांदेड

एक छोटी भर घालतो. महाराष्ट्रात यहुदी हा केवळ पुस्तकातला शब्द नाही. कोकणातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले, तेलाच्या घाण्यावर काम करत आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले गेले. १९४८नंतर त्यांच्यातले बहुसंख्य इस्राएलला गेले. तिथे त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतल्या गेल्या आणि त्यांना लढा द्यावा लागला. अखेर १९६४ साली ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर झाले. आपल्या मंडळीतल्या मांडणीला अशा एखाद्या मराठी यहुदी कुटुंबासमोर बसून जसेच्या तसे वाचता येईल का, असा प्रश्न स्वतःला विचारावा.

हा प्रश्न काल्पनिक नाही. चर्च ऑफ स्कॉटलंडने २०१३ साली अब्राहामाच्या वारशावर एक अहवाल काढला. त्यात देशाच्या वचनांचा शब्दशः भौगोलिक अर्थ नाकारला होता. ब्रिटनमधल्या यहुदी प्रतिनिधींनी तीव्र आक्षेप घेतल्यावर मंडळीने त्यांच्याशी चर्चा केली आणि मजकुरात सुधारणा केली. पॅलेस्टिनी लोकांवरच्या अन्यायाबद्दल बोलणे गरजेचेच होते, परंतु ते बोलताना यहुद्यांच्या विश्वासाची भाषा त्यांच्याकडून काढून घेतली जाते आहे, असे त्यांना वाटले.


वचनवाचक, जालना

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. यहोशवा २१:४३-४५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की परमेश्वराने सगळा देश दिला आणि सांगितलेल्या हितकर गोष्टींपैकी एकही निष्फळ झाली नाही. मग वचन त्याच वेळी पूर्ण झाले असे मानून विषय तिथेच का संपवू नये? आणि ताईंनी सांगितलेला आमोस आम्ही नेमका कुठे बसवावा?


निवृत्त पाळक, अंबाजोगाई

कारण बायबलनेच तो तिथे संपवलेला नाही. त्याच यहोशवाच्या १३:१ मध्ये अजून पुष्कळ देश ताब्यात यायचा आहे असे म्हटले आहे, आणि शास्ते या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात कोणत्या वंशाला कुठे जम बसवता आला नाही त्याची यादीच आहे. इब्री ४:८ तर सांगते की यहोशवाने त्यांना विसावा दिला असता तर देवाने पुढे दुसऱ्या दिवसाविषयी सांगितले नसते. वचन त्या काळी खरोखर पूर्ण झाले आणि तरीही त्यात देवाने पुढचे काही राखून ठेवले, असेच शास्त्राचे स्वतःचे वाचन आहे. राखून ठेवलेल्या त्या भागात यहुदी लोकांसाठी काय आहे, याबद्दल परभणीच्या ताईंचे म्हणणे मला विचार करण्याजोगे वाटते; प्रेषितांची कृत्ये १:७ मुळे मी त्याची तारीख किंवा नकाशा सांगणार नाही, आणि १९४८ हेच ते वर्ष असे व्यासपीठावरून घोषित करणार नाही. आमोसाचे वचनही मी तिथेच, देवाच्या हाती असलेल्या आशेत ठेवीन. प्रेषितांची कृत्ये १५:१६-१८ मध्ये यरुशलेमच्या मंडळीतल्या याकोबाने आमोसाच्या त्याच अध्यायातली आधीची वचने परराष्ट्रीयांच्या प्रवेशासाठी घेतली आहेत, तीही शेजारी वाचावीत.

अभ्यासात २८व्या अध्यायाच्या आधी २३वा पुन्हा वाचून घ्या. २८:१३ मध्ये देशाचे वचन आहे आणि लगेच चौदाव्या वचनात पृथ्वीवरील सर्व कुळांच्या आशीर्वादाचे आहे. ती दोन्ही एका दमात वाचा, तेराव्यापाशी थांबू नका. त्यानंतर रोम ११. वेळ उरला तर यिर्मया ३२ घ्यावा; अध्याय मोठा आहे, पहिली पंधरा वचने पुरेशी होतील.