तेरा इंची घ्या म्हणे!

धुऱ्यावरचा:
काल एका पुण्याच्या भावानं लिहिलं, "कॉलेजच्या पोरांनी 13 इंचीच लॅपटॉप घ्यावा, 15.6 म्हणजे पाठीवर वीट वाहणं." खाली अंगठ्यांचा पाऊस. राजेहो, आता माह्यं ऐका. पोरगी यंदा बारावी झाली, दर्यापूरले बीसीएले टाकली. तुमच्या तिकडं लॅपटॉप होस्टेल ते कॅफे फिरते. आमच्याकडं एकदा घरात आला का तो साऱ्या घराचा होते. सकाळी पोरगी प्रोग्राम लिहीन, दुपारी लहाना महाडीबीटीचा फॉर्म भरीन, बुढा सातबारा उघडून मागीन, अन् रात्री सारे मिळून पिच्चर पाहतीन. खाटेवर चार जण बसून 13 इंचात काय पाहावं, टाचणीचं डोकसं? अकोल्याच्या दुकानात दोन्ही बाजूबाजूले ठेवून पाह्यले अन् 15.6 चा उचलला. 45 हजार गेले. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव 8110 धरला तरी साडेपाच क्विंटल कापूस झाला. दर दोन वर्षाले नवा घ्याले मी काही आयटीत नाही.

फाट्यावरची:
काका, रोज गाडीनं कोण जाईन, तुम्ही का पोरगी? मी तीन वर्षं जाऊन राहिली. घरून फाटा दीड किलोमीटर पायी, मग गाडी, अन् जागा भेटली तर नशीब. माझा 15.6 चाच आहे, 1.8 किलोचा. वरून चार्जर, डबा, पाण्याची बाटली, दोन जर्नल. उभ्यानं बॅग पोटाशी धरून ठेवायची, नाहीतर कोणाचं तरी कोपर पडद्यावर. पहिल्याच पावसाळ्यात गर्दीत दाबून डाव्या बाजूचं हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, गेलं. तेव्हापासून झाकण उघडताना दोन्ही हातांनी उघडते, मडक्यावरचं झाकण काढल्यासारखं. दुसऱ्या वर्षी नेणंच सोडलं. प्रॅक्टिकलला मैत्रिणीच्या मागं उभी राहून पाहत होते. तुमचा लॅपटॉप घरी पिच्चर दाखवीन अन् पोरगी तिकडं दुसरीच्या खांद्यावरून पाहीन. मग घेतला कोणासाठी?

पॉलिटेक्निकवाले_सर:
दोघंही अर्धे बरोबर. इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. 14 आणि 15.6 मध्ये दीड इंचाचा फरक वाटतो, पण क्षेत्रफळ काढलं की मोठा पडदा 24 टक्के जास्त भरतो. म्हणून दुकानात शेजारी ठेवले की लहान एकदम केविलवाणा दिसतो आणि दुकानदाराचं काम होतं. मात्र मोठा म्हणजे जास्त दिसतं असंही नाही. माझ्या वर्गात काही पोरं जुने 15.6 घेऊन येतात, रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरचे ठिपके, 1366 बाय 768. त्यापेक्षा जास्त ठिपक्यांच्या 14 इंची फुल एचडीवर कोडच्या ओळी जास्त मावतात. रुंदी-उंचीचं प्रमाण 16:10 असलेला पडदा मिळाला तर उंची आणखी वाढते. नुसता बाहेरचा आकार बघू नका, आत काय आहे ते बघा.

टॅलीवाली:
नंबरपॅडबद्दल, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांबद्दल, कोणी बोलतच नाही! 14 मध्ये तो सहसा नसतोच. मी बीकॉम करता करता एका दुकानाची जीएसटीची कामं करते. दिवसाला दोन-अडीचशे बिलं वरच्या आकड्यांच्या ओळीतून मारून दाखवा एकदा.

मूळ_पोस्टवाला:
ती पोस्ट माझीच. नंबरपॅड यूएसबीचा वेगळा मिळतो, चार-पाचशेत. आणि पिक्चर बघायचा असेल तर टीव्ही घ्या ना. कॉलेजच्या लॅपटॉपवर घरादाराची करमणूक कशाला? मोठ्या पडद्याला बॅटरी जास्त लागते हेही विसरू नका. माझा 13 इंची सकाळी चार्ज करतो, संध्याकाळपर्यंत बघायला लागत नाही.

धुऱ्यावरचा:
टीव्ही होता भाऊ. मागच्या दिवाळीत व्होल्टेज असं काही वाढलं का टीव्ही, मिक्सर अन् दोन बल्ब एकसाथ गेले. म्हणे टीव्ही घ्या.

चांद्याचा_माणूस:
बॅटरीचं नाव काढलं म्हणून सांगतो. "सकाळी चार्ज करतो" म्हणायला सकाळी लाईन असावी लागते. चंद्रपूरचं वीजकेंद्र 2920 मेगावॅटचं. कोळसा आमच्या जमिनीतला, पाणी आमच्या इरई नदीचं, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं वेगळीच. अन् वादळाची एक झुळूक आली का आमच्याच गावात रात्रभर अंधार. उजेड तुमच्या कॅफेत.

मूळ_पोस्टवाला:
वीज ग्रीडमध्ये जाते, तिच्यावर जिल्ह्याचं नाव नसतं. आणि शेतीपंपांची थकबाकी कोणाची होती, तेही लिहा.

संत्रावाला_वरूड:
आला थकबाकीवाला! अरे भाऊ, 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल माफ आहे, ते माहीत आहे मला. पण माफ बिलाची लाईन रात्री बाराले आली तर टॉर्च घेऊन ओलिताले कोण जाते? तुम्ही? माझ्या बाजूच्या वावरात गड्याले साप चावला, दवाखान्यात पोचेपर्यंत पाय काळा पडला होता. वाचला, पण रात्री आता वावरात पाय ठेवत नाही. तुमचा 13 इंच घाला चुलीत.

चांद्याचा_माणूस:
विदर्भाले महाराष्ट्रात घेताना केलेला 1953 चा नागपूर करार वाचा. दरवर्षी नागपूरले अधिवेशन घ्याचं कबूल केलं, ते तेवढं बहुतेक पाळतात. थंडीत येतात, हुरडा खातात, संत्री नेतात.

मूळ_पोस्टवाला:
तुम्हा लोकांना लॅपटॉपच्या पोस्टवरसुद्धा वेगळं राज्य पाहिजे.

संत्रावाला_वरूड:
"तुम्हा लोकांना" म्हणजे कोणाले बे?

फाट्यावरची:
थांबा हो! वेगळं राज्य झाल्यावर हिंज फुकट बदलून मिळणार आहे का? नसेल तर लॅपटॉपचं बोला. काकाच्या पोरीचं कॉलेज सुरू होऊन राहिलं.

पॉलिटेक्निकवाले_सर:
धन्यवाद. लाईनचा मुद्दा मात्र खरा आहे, तो राग धरून सोडू नका. 45 वॉट-अवरची बॅटरी आणि साधं काम, म्हणजे 9-10 वॉटचा खर्च, तर साडेचार-पाच तास. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवला की त्यातला एखादा तास गेलाच. म्हणून टाइप-सीवर चार्ज होणारा बघा. लाईन गेली तर 65 वॉटच्या पॉवर बँकेवर निभतं. पण पॉवर बँकेवर तेवढे वॉट छापलेले आहेत का ते डोळ्यांनी वाचा, मोबाईलचीच गळ्यात मारतात. आता पुण्याच्या मित्रासाठी. तुमचे ते कागदासारखे पातळ, बिनपंख्याचे लॅपटॉप आमच्या मे महिन्यात आणून दाखवा. 45 अंश, टिनाचं छप्पर, कूलर बंद. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. माझ्याकडच्या एका पोराचा तसा लॅपटॉप प्रोजेक्टच्या सादरीकरणाच्या दिवशी अर्ध्या तासात चुलीवरच्या तव्यासारखा झाला, शेवटी ओला पंचा खाली ठेवायला निघाला होता. पंचा हिसकावून घेतला.

मूळ_पोस्टवाला:
बरं, 45 अंशांत मी राहिलेलो नाही, तेवढं मान्य. पण मुलीनं रोज उभ्यानं न्यायचं असेल तर 15.6 चुकीचाच, हे तुमच्याच फाट्यावरच्या ताईंनी सांगितलं. मी तेच म्हणत होतो.

फाट्यावरची:
तुम्ही 13 म्हणत होते. 13 मध्ये मी तरी दोन खिडक्या बाजूबाजूला उघडून कोड वाचू शकत नाही. माझ्या नावावर तुमचं खपवू नका.

टॅलीवाली:
आणि ज्या रूम करून राहतात त्यांचं काय? मी वर्धेत रूमवर राहते, लॅपटॉप टेबलवरून हलत नाही. मला 15.6 च पाहिजे. सगळ्यांची गाडी फाट्यावरूनच सुटते असं नाही.

धुऱ्यावरचा:
दोन दिवस वाचून राहिलो. काल पोरीले म्हटलं, भर बॅग. लॅपटॉप, चार्जर, डबा, वह्या, सारं. आंगणातून रस्त्यापर्यंत दोन चकरा मार म्हटलं. मारल्या तिनं, काही बोलली नाही, पण दुसऱ्या चकरीत बॅग एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली ते मले दिसलं. दुकानदाराले फोन केला, खोका फोडला नसता तर बदलून दिला असता म्हणे. खोका तर बुढ्यानं पहिल्याच दिवशी फोडला, आतल्या थर्माकोलमंधी कोंबडीनं अंडं घातलं. आता हजार-दोन हजार तोडून घेते का पाहतो. घेतला तर 14 चा घेईन, टाइप-सीवाला. पुण्याच्या भावाचं ऐकलं असं कोणी समजू नका, 13 नाही घेतला. अन् पिच्चर मोबाईलवर पाहू, काय करता.

टॅलीवाली:
14 मध्ये नंबरपॅड नाही. नंतर म्हणू नका सांगितलं नव्हतं.