मदत हवी आहे: शाबरी मंत्रात (नाथपंथातले बोलीभाषेतले मंत्र) दैवताचं नेमकं काम काय?

‘नवनाथ भक्तिसार’ या नवनाथांच्या पोथीच्या दुसऱ्या अध्यायात सप्तशृंगीची अंबा मच्छिंद्रनाथांना मार्तंड पर्वतावर नेते, तिथे बावन्न वीर (मंत्रांशी जोडलेली दैवतं) प्रसन्न होतात. म्हणजे शाबरी विद्या मिळते ती दैवतांच्या वरानेच. पण प्रचलित मंत्रांचा शेवट बघा: ‘मेरी भक्ति, गुरु की शक्ति, फुरो मंत्र ईश्वरो वाचा’ (फुरो म्हणजे ‘फळू दे, खरा ठरू दे’). काही मंत्रांत तर खुद्द दैवतालाच आण घातलेली असते! ही विनवणी नाही, हा हुकूम वाटतो.

पोथी दोनदा नीट वाचली. आमच्याकडच्या एका जाणत्या भगतांनाही विचारलं. ‘गुरूशिवाय बोलायचं नाही’ एवढंच म्हणाले. साधना करायची नाही, मंत्र किंवा तोडगे पाठवू नयेत. फक्त समजून घ्यायचंय.

नाथपंथी परंपरेत मंत्र फळतो तो दैवताच्या कृपेने, की गुरूच्या शब्दाला दैवत बांधलेलं असतं म्हणून? मराठी किंवा हिंदीत याचा छापील आधार कुठे मिळेल?