मदत हवी आहे: पणजीत दोन खोल्या घेतल्या, मेंबरशिपमध्ये एकच धरली

अठरा जून रस्त्याजवळचं मध्यम दराचं, मोठ्या साखळीतलं हॉटेल (नाव नको). जागा झकास, बाजार आणि मांडवीकाठ दोन्ही चालत.

२ खोल्या, ३ रात्री, दोन्हींचं बुकिंग कंपनीच्याच ॲपवरून, मेंबर दराने, माझ्या नावावर. (मेंबरशिप म्हणजे साखळीची; राहिलेल्या रात्री आणि पॉइंट खात्यात जमा होतात.) एकीत आम्ही, दुसरीत सासू-सासरे. त्यांना जिना नको म्हणून काउंटरवर लिफ्टजवळची खोली मागितली. तिथेच घोळ झाला असावा: त्यांनी सासू-सासऱ्यांच्या खोलीचं जुनं बुकिंग रद्द करून नवं केलं. दर तोच, रात्रीला ५,२०० अधिक ५ टक्के जीएसटी, म्हणजे ५,४६०. पण त्या बिलावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘ट्रॅव्हल एजंट’ छापलंय आणि मेंबर नंबरची जागा कोरी. एजंट कुणी नव्हताच.

या खोलीच्या रात्री खात्यात आल्या नाहीत, म्हणून ॲपवर दावा केला. बिल, कार्डाची पावती, मूळ बुकिंगची मेल जोडली. उत्तर: बाहेरून केलेलं बुकिंग, पात्र नाही. नियमात मेंबर स्वतः राहत असेल तर ३ खोल्यांपर्यंत पॉइंट मिळतात, तेही दाखवलं. काउंटरवाले म्हणतात, नाइट ऑडिट (रात्री दिवसाचा हिशेब बंद करणं) झाल्यावर बंद बिल उघडत नाही.

पैसे परत किंवा व्हाउचर नको. ३१ डिसेंबरच्या आत त्या ३ रात्री खात्यात हव्यात.

हॉटेलात काम केलेल्यांना विचारतो: बिलाला हात न लावता फक्त बुकिंगचा सोर्स (एजंट की थेट, ही नोंद) नंतर बदलता येतो का? आणि एजंट नव्हता असं लेखी पत्र फ्रंट ऑफिस (काउंटर) मॅनेजरकडून घ्यायचं की रिझर्व्हेशन विभागाकडून?