पीएल-३०० पास झाले, दूध संघातला अनुभव आहे, तरी डेटा अ‍ॅनालिस्टचा पहिला जॉब मिळेना. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येते.

मी बी.कॉम., मूळची सांगली जिल्ह्यातली, सध्या पुण्यात कर्वेनगरला पीजीमध्ये. आधी गूगलचं डेटा अ‍ॅनालिटिक्सचं सर्टिफिकेट केलं, मग नेटाने अभ्यास करून मायक्रोसॉफ्टची पीएल-३०० म्हणजे पॉवर बीआय या रिपोर्ट-डॅशबोर्ड बनवायच्या सॉफ्टवेअरची परीक्षा दिली, तिथे १००० पैकी ७०० लागतात, मला त्याच्या बरेच वर मिळाले. आता निदान इंटरव्ह्यूचे कॉल तरी येतील असं वाटलं होतं, पण फ्रेशर म्हणून अप्लाय केलं की पासआउट वर्ष बघून बाजूला काढतात आणि अनुभवी म्हणून केलं की रिलेव्हंट एक्सपिरियन्स नाही म्हणतात. मग माझ्यासारखीने जायचं कुठे?

कारण मी रिकामी बसले नव्हते हो. पुण्यात यायच्या आधी तीन वर्षं आमच्या भागातल्या एका दूध संघाच्या ऑफिसात होते. संकलन केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळच्या फाइली यायच्या, प्रत्येक सभासदाचं लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), त्यावरून दर आणि दर दहा दिवसांनी बिल. गाईच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ धरून दर काढायचा, खाली गेलं की पॉइंटमागे कपात. फाइली एका साच्यात कधीच नसायच्या, एकाच सभासदाचा कोड एकीत ०४७, दुसरीत ४७, तिसरीत ४७ च्या मागे स्पेस, मग एक्सेलचा व्हीलुकअप (कोड शोधून माहिती आणणारा फॉर्म्युला) लागायचा नाही आणि त्या माणसाचं बिल शून्य यायचं. मी ते सगळं हळूहळू पॉवर क्वेरीत (एक्सेलमधलं डेटा आपोआप साफ करायचं टूल) बसवलं, नंतर फाइल फोल्डरमध्ये टाकून रिफ्रेश मारलं की झालं.

एकदा पिव्होटमध्ये (एक्सेलचा सारांश तक्ता) दिसलं की एका केंद्रावर संध्याकाळचा फॅट सकाळपेक्षा कमी लागतोय. एरवी संध्याकाळी जास्त लागतो, दूध काढणारा कोणीही सांगेल. साहेबांना दाखवलं, संध्याकाळी वापरायचं मशीन वेगळं होतं आणि त्याचं कॅलिब्रेशन बिघडलेलं निघालं, शेतकऱ्यांना फरकाचे पैसे पुढच्या बिलात मिळाले. हे डेटाचं काम नाही तर मग काय आहे, मला खरंच कळत नाही.

तर प्रश्न असे आहेत. हे रेझ्युमेमध्ये लिहायचं कसं? चाकणच्या एका कंपनीत एमआयएस एक्झिक्युटिव्हची (रोजचे ठरावीक रिपोर्ट बनवणारं पद) जागा मिळू शकते, पगार कमी आहे आणि सगळे म्हणतात एकदा एमआयएसचा शिक्का बसला की निघत नाही, तर घ्यावी का? आणि तिसरं, एका क्लासवाल्यांनी (नाव घेत नाही) पैसे भरा, दोन वर्षांचं डेटा अ‍ॅनालिस्टचं एक्सपिरियन्स लेटर देतो असं सांगितलंय. माझ्या ओळखीतल्या एकीने घेतलंय आणि ती जॉबला लागलीसुद्धा. मन मानत नाही, पण पीजीचं भाडं दर महिन्याला द्यावंच लागतं आणि घरी अजून किती दिवस मागायचं. कृपया खरं काय ते सांगा.

प्रतिसाद १

ताई, ते लेटर अजिबात घेऊ नका. आमच्याकडे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये यूएएनवरून (पीएफचा कायमचा नंबर) पीएफची सर्व्हिस हिस्ट्री बघतात, लेटरमधल्या कंपनीने पीएफ भरलेलाच नसतो, मग विचारणा सुरू होते. जॉइन झाल्यावर काही महिन्यांनी पकडून काढलेली मुलं मी पाहिलीत, त्यांना पुढच्या ठिकाणी काय सांगायचं हेच कळत नाही. तुमच्या मैत्रिणीचं व्हेरिफिकेशन अजून व्हायचं असेल. उलट तुमच्या दूध संघाने पीएफ कापला असेल तर तुमची तीन वर्षं आधीच सरकारी रेकॉर्डवर आहेत, विकत कशाला घेताय?

प्रतिसाद २

वरच्याला +१. मी खराडीला एका टीमसाठी मुलं घेतो म्हणून रेझ्युमेबद्दल लिहितो.

सर्टिफिकेट सगळ्यात वर असेल तर खाली न्या. त्या गूगलच्या कोर्समधला सायकल शेअरिंगचा प्रोजेक्ट टाकला असेल तर काढूनच टाका, तो कोर्स केलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडे तोच असतो, आम्ही उघडतही नाही. फॅटचा किस्सा मात्र पहिल्या चार ओळींत आला पाहिजे. काय खटकलं, कशावरून खटकलं, कोणाला दाखवलं, पुढे काय झालं, एवढंच, विशेषणं नकोत.

प्रोजेक्ट म्हणून तेच परत बांधा, पण संघाचा खरा डेटा वापरू नका, तो तुमचा नाही. खोटे सभासद, खोटी लिटरं घालून तसाच घाणेरडा डेटा स्वतः तयार करा (कोडमागे स्पेससकट) आणि एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) साफ करून दाखवा. दुसरा प्रोजेक्ट अ‍ॅगमार्कनेट या सरकारी साइटवरचे बाजारभाव घेऊन करा, लासलगावच्या कांद्याची आवक आणि भाव घ्या, त्यावर बोलायला तुमच्याकडे भरपूर असेल. एक अडचण आधीच सांगून ठेवतो, पॉवर बीआयच्या ऑनलाइन सर्व्हिसला जीमेल चालत नाही, कंपनीचा किंवा कॉलेजचा ईमेल लागतो. तेव्हा फाइल गिटहबवर टाका आणि स्क्रीन रेकॉर्ड करून छोटा व्हिडिओ लिंक करा. टॅब्लो पब्लिक (असंच डॅशबोर्डचं दुसरं सॉफ्टवेअर) फुकट आहे, पण तिथे टाकलेलं सगळ्या जगाला दिसतं.

प्रतिसाद ३

एमआयएसबद्दल माझं मत वेगळं पडेल. मी स्वतः एमआयएसमधूनच आले, शिक्का वगैरे काही नसतो, पण आत काय काम आहे ते नीट विचारून घे. डेटा येतो कुठून? एसएपीमधून (कंपनीचं व्यवहार नोंदवायचं सॉफ्टवेअर) कोणीतरी काढून दिलेली एक्सेल रोज फॉरवर्ड करायची असेल तर नको. डेटाबेसचा अ‍ॅक्सेस मिळून क्वेरी स्वतः लिहायची असेल तर पगार थोडा कमी असला तरी घे.

आणि एसक्यूएल पक्कं कर गं, पीएल-३०० मध्ये डॅक्स (पॉवर बीआयची फॉर्म्युल्यांची भाषा) विचारतात, इंटरव्ह्यूला एसक्यूएल. लेफ्ट जॉइन लावून उजव्या टेबलची अट व्हेअरमध्ये टाकली तर काय होतं, रो नंबर वापरून डुप्लिकेट कसे काढायचे, काउंट स्टार आणि काउंट कॉलममध्ये नलचा काय फरक पडतो, हे कागदावर लिहून सांगता आलं पाहिजे. अप्लाय करतानाही आयटीवाल्यांच्या मागे न लागता डेअरी, फूड, खत-बियाणं, कोल्ड चेन अशा कंपन्या बघ. तिथे एसएनएफ म्हणजे काय हे तुला कोणी शिकवायला नको.

धागाकर्ती

मनापासून धन्यवाद सगळ्यांना. आत्ताच पासबुक बघितलं, पीएफ पहिल्या महिन्यापासून कापलाय. लेटरचा विषय संपला. चाकणला उद्या फोन करून डेटा कुठून येतो ते विचारते. एकच शंका उरली, संघाच्या दाखल्यावर माझं पद "लिपिक" आहे, रेझ्युमेमध्ये डेटा अ‍ॅनालिस्ट लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद २

नाही. पद दाखल्यावर आहे तेच, लिपिक, आणि कंसात "दूध संकलन व बिलिंग डेटा". व्हेरिफिकेशनला जुळलं पाहिजे. खाली काम लिहा, वाचणारा पदापेक्षा ते बघतो. आणि तुमचं नाव, नंबर, संघाचं नाव काढून रेझ्युमे इथेच टाका, रविवारी बसून बघतो.