ओरडण्याआधी वाळू हातात घ्या

दादा, ‘धाक असल्याशिवाय माणसं काम करत नाहीत’ हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, बरीच वर्षं शिफ्ट सांभाळली, त्यावरून लिहितोय.

एकदा कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालात, सारखे ब्लो होल (वाफेनं पडणारी भोकं) यायला लागले. वरून फोन आला, मोल्डरला (वाळूचे साचे बनवणाऱ्याला) झापा. मी साच्याजवळ गेलो. मोल्डर मामांनी मूठभर वाळू दाबली आणि माझ्या तळहातावर ठेवली. गच्च ओली! “साहेब, तीन दिवस सांगतोय, ऐकतंय कोण?” वाळूत ओलावा वाढला की ओतताना वाफ अडकते आणि माल रिजेक्ट होतो. चूक वाळू कालवणाऱ्या मिक्सरवरच्या पाण्याची होती, मामांची नव्हती. तेव्हापासून शिफ्टची पहिली १० मिनिटं मी फक्त ऐकून घ्यायचो.

दुसरं, काम एकानंच सांगावं. फ्रेंच खाण अभियंता आंरी फेयॉल यांनी १९१६ साली मांडलेल्या व्यवस्थापनाच्या १४ तत्त्वांत हे आहेच. आपल्याकडे मालक, त्यांचा मुलगा आणि सुपरवायझर तिघं तीन कामं सांगतात आणि कामावरचं पोरगं मधल्यामधे भरडलं जातं. मालकाच्या मुलाला काही सुचवायचं असेल तर त्यानं सुपरवायझरला सुचवावं.

शाबासकी चारचौघांत, कानउघाडणी केबिनमध्ये.

आणि रजेचं म्हणाल, तर जोतिबाच्या चैत्र यात्रेला निम्मी शिफ्ट सुट्टी मागणार हे दरवर्षी ठरलेलं असतं. रजेचा तक्ता महिनाभर आधी लावा, ऐनवेळी चिडू नका.